जांगड आणलेल्या तीन लेन्स

मिहिर, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू म्हणालास की कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स आता पुरेनाशी झाली आहे, पुढची कुठली घ्यावी ते ठरत नाही. मग स्वतःच हसून म्हणालास, "पण हे आजीला काय विचारतोय मी." तुझ्या शेजारी बसलेली सईही हसली. तुमची चूक नाही. तुम्ही मला इंग्रजीची निवृत्त प्राध्यापिका म्हणून ओळखता, जिच्या घरात मसाल्याच्या डब्यांवरही नावाच्या चिठ्ठ्या असतात. पण बी.ए.ची परीक्षा देऊन घरी आले त्या उन्हाळ्यात मी नेमका हाच प्रश्न सोडवायला बसले होते, वहीत तक्ता आखून. माझं उत्तर चुकलं. कसं चुकलं ते क्रमाने लिहून ठेवते.

शहाद्याला बसस्टँडसमोरच्या ओळीत माझ्या वडिलांचा, आप्पांचा, फोटो स्टुडिओ होता आणि स्टुडिओच्या पाठीमागे आमचं घर. पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा, एक स्टूल, दोन मोठे दिवे आणि फरशीवर पांढऱ्या रंगाचे दोन पट्टे. मधल्या खोलीत आमचं बसणं-उठणं. मागे स्वयंपाकघर, आणि त्याला लागून पूर्वी जे न्हाणीघर होतं ती डार्करूम. त्यामुळे आमच्या घराला कायम दोन वास असत, एक फोटो पक्के करायच्या हायपोचा आणि एक कळण्याच्या भाकरीचा. माय आप्पांना हात साबणाने दोनदा धुतल्याशिवाय ताटावर बसू देत नसे. उन्हाळ्यात गच्चीवर खाटेवर तिचे ज्वारीचे बिबडे वाळत असत आणि ते राखायला मला वर बसवलं की समोर सगळा बसस्टँड दिसे. धुळे, दोंडाईचा, तळोदा अशा गाड्यांच्या हाका, केळीचे ट्रक, आणि या सगळ्यांच्या खालून सकाळपासून चालणारा एक आवाज, ठण्ण, ठण्ण. तो आमच्या शेजारच्या युसुफचाचांच्या पिंजणाचा. ते कापूस पिंजून गाद्या भरत. माझ्या लहानपणच्या कुठल्याही आठवणीला मी कान लावला तर आत ते पिंजण ऐकू येतं.

त्या सुमारास आप्पांची गावात ख्याती झाली होती ती वेगाची. दुसरे फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून फोकसची चकती फिरवत बसायचे, लग्नघरातली माणसं ताटकळायची. आप्पा आधी पावलं मोजत मागे जात, कॅमेऱ्यावर अंगठा फिरवत, कॅमेरा उचलत आणि त्याच क्षणी खटका दाबत. लोक म्हणत, आप्पांना बघावं लागत नाही. मलाही त्याचा अभिमान होता. मी नाशिकला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले, मग पुण्याला वसतिगृहात राहिले. दरवर्षी सुट्टीत यायचे, आणि त्या शेवटच्या वर्षी परत जाऊन मैत्रिणींना सांगायचे की माझे वडील एका सेकंदात फोटो काढतात.

बाहेरच्या कामासाठी त्यांच्याकडे एक पूर्व जर्मनीचा कॅमेरा होता. एका निवृत्त वनअधिकाऱ्याकडून घेतलेला, आणि त्याच्यासोबत आलेली एकच साधी लेन्स. तुमच्या हल्लीच्या कॅमेऱ्यांबरोबर जशी एक कामचलाऊ लेन्स देतात, तशीच ती. दिवसाउजेडी काम चोख, पण तोंड लहान. आणि त्या कॅमेऱ्यात लेन्समधूनच बघायचं असल्यामुळे, लेन्सचं तोंड लहान असलं की डोळ्याला दिसणारं चित्रही अंधारं. हे नीट लक्षात ठेवा. त्या वर्षी मी घरी आले तेव्हा आप्पा त्या लेन्सवर फारच चिडलेले होते. जेवताना, झोपताना, गिऱ्हाइकासमोर एकच विषय. "या लेन्सनं तोंडच ल्हान शे, बेबी. उजेड मझार येतच नही." बेबी म्हणजे मी. उजेड आत येत नाही, हे मला पटलं. यंत्रात दोष असेल तर यंत्र बदलावं, इतकं सरळ.

आता मागे बघताना बाकीच्या गोष्टी दिसतात. ताटाच्या डाव्या बाजूला ठेवलेला ठेचा त्यांना वेगळा दाखवावा लागे. पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताने आठवड्यातून दोनदा लवंडे. मधल्या दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागे आणि ते चौकटीलाच बोल लावत. माय फडक्याने पाणी टिपून घेई. मी हे सगळं बघत होते आणि यातलं काहीच मी पाहिलं नाही.

लेन्स विकणारे रमणिकभाई सुरतेहून येत. एक पत्र्याची पेटी, तिच्यात पिवळ्या फडक्यांत गुंडाळलेला माल. ते फोटोच्या सामानाचे फिरते व्यापारी होते आणि खानदेशातले निम्मे स्टुडिओ त्यांच्या शब्दावर चालत. त्यांची पद्धत जांगडीची. म्हणजे माल ठेवून घ्यायचा, वापरून बघायचा, पुढच्या फेरीला पसंत तो ठेवायचा आणि बाकीचा परत द्यायचा. लिखापढी नाही. त्या वेळी त्यांनी आमच्याकडे तीन लेन्स जांगड ठेवल्या. एक रुंद नजरेची, लहान खोलीतही सगळं घर सामावून घेणारी. एक लांब नळीची, दूरचं जवळ आणणारी. आणि तिसरीची नजर आमच्या जुन्या लेन्ससारखीच, ना रुंद ना लांब, फक्त तोंड भलंमोठं, पाणीदार काचेचं. आमची ऐपत एकीची. रमणिकभाई दहा दिवसांनी परत येणार होते.

आप्पा म्हणाले, "तू शिकेल शे, तूच सांग." एवढं पुरे होतं. मी वहीत रकाने आखले. एकाच जागेवरून, एकाच वेळी, तिन्हींनी बसस्टँड, आमची मधली खोली आणि गच्चीवर बसलेली माय असे फोटो मीच काढले, धुतले, छापले. स्पष्टता, उजेड, उपयोग, वजन अशा प्रत्येकाला गुण दिले. रुंद लेन्स पहिली आली. आमची लग्नाची कामं घरांत, अंगणांत, दाटीवाटीच्या जागी. मागे सरकायला भिंत आडवी येते. रुंद लेन्सने तो प्रश्न सुटत होता. लांब नळीची आमच्या कामाची नव्हती. आणि मोठ्या तोंडाची मला निव्वळ चैन वाटली. चित्र तेच, माप तेच, फक्त थोडा जास्त उजेड, आणि उजेडासाठी आपल्याकडे फ्लॅश आहे.

आप्पांना मोठ्या तोंडाचीच हवी होती. का, ते त्यांना सांगता येईना. मी मायसमोर तक्ता उघडून एकेक रकाना त्यांना वाचून दाखवला आणि प्रत्येक रकान्याच्या शेवटी विचारलं, सांगा, यात चूक कुठे आहे? ते लेन्स फडक्याने पुसत राहिले. म्हणाले, "तुन्हं बराबर शे. पन माले हीच बरी वाटस." मी म्हटलं, बरं वाटणं हे कारण नाही. हे वाक्य मी पुढे तीस वर्षं वर्गात मुलांना सांगितलं आणि प्रत्येक वेळी मला आमच्या मधल्या खोलीतली ती दुपार आठवली.

त्याच दहा दिवसांत युसुफचाचांच्या शमीमचं लग्न होतं. शमीम माझ्याच वयाची, एकाच गल्लीत खेळलेली. नवरा परदेशी नोकरीला, आठ दिवसांत तिला घेऊन जाणार होता. पुन्हा कधी येईल हे कोणालाच माहीत नव्हतं. चाचा आदल्या दिवशी येऊन सांगून गेले की बिदाईचे फोटो हवेत, मुलगी गाडीत बसताना सगळ्यांबरोबर. आणि अजून एक, त्यांच्या अम्मींचा. त्या खाटेवरून उठत नसत आणि आयुष्यात कधी त्यांचा फोटो निघाला नव्हता. परक्या पुरुषासमोर त्या बसणार नव्हत्या. पण नात निघाली आणि त्यांचं मन वळलं. "लडकी निकालती होगी तो निकालने दो," असं त्यांनी कळवलं होतं. तेव्हा जनान्यातले फोटो मी काढायचे, बाहेरचे आप्पांनी. फिल्म एकच, कॅमेरा एकच. आप्पांनी कुणाला न विचारता त्यावर मोठ्या तोंडाची लेन्स चढवली. तिचे आटे फिरवताना ते म्हणाले, जांगड आणली आहे तर वापरून बघायला नको का. मी मनात म्हटलं, बघा, मग कळेल.

जनान्यात दादींच्या, म्हणजे चाचांच्या अम्मींच्या, खोलीला एकच खिडकी होती. तिच्यातून आलेल्या उजेडात दादी उशीला टेकून बसल्या होत्या, आणि शमीम त्यांच्या पायाशी, लाल ओढणीत. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि दचकले. मला त्या अंधाऱ्या खोलीत दादींच्या भुवईचा एकेक पांढरा केस दिसत होता. जुन्या लेन्समधून अशा खोलीत नुसत्या सावल्या दिसायच्या. मी चकती फिरवली, डोळे टोकदार झाले, चार फोटो काढले. दादींनी शेवटच्या फोटोला नातीचा हात धरला. बाहेर येऊन मी कॅमेरा आप्पांना दिला आणि स्वतः फ्लॅश धरून त्यांच्या बाजूला उभी राहिले. ते नेहमीसारखे पावलं मोजत मागे गेले, अंगठा फिरवला, खटका. दोन्हीकडची माणसं, शमीम वडिलांच्या गळ्यात, शमीम गाडीच्या दाराशी. एकेका सेकंदात. कुणीतरी कौतुकाने म्हणालं, आप्पांचा हात बघा. मग आम्ही तिथला जर्दा, लग्नाचा गोड भात, खाल्ला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा आडवे झाले होते, म्हणून फिल्म मी धुतली. डार्करूमच्या फटींना ओली पोती लावलेली, आत भट्टीसारखा उकाडा. निगेटिव्ह वाळल्यावर मी भिंगाखाली धरली. पहिले चार, दादींचे, इतके स्वच्छ की मी स्वतःशीच हसले. पाचवा बिघडलेला. शमीमचा आणि चाचांचा चेहरा म्हणजे दोन ढग. सहावा तसाच. सातवा तसाच. शेवटपर्यंत सगळे. माझा पहिला विचार आला की लेन्स बिघडली. पण मग मला दिसलं की त्या फोटोंत काहीतरी टोकदार होतं. माणसं नव्हेत. माणसांच्या खूप मागे, पिंजण टांगलेली भिंत, त्या पिंजणाची तात आणि खुंटी. गाडीच्या फोटोत गाडीच्या पलीकडच्या दुकानाची पाटी, अक्षर न् अक्षर.

मी लेन्स उचलून तिच्यावरचे अंतराचे आकडे पाहिले. आमच्या जुन्या लेन्सवर फक्त फूट होते. हिच्यावर दोन ओळी होत्या, वर ठळक पांढऱ्या आकड्यांत मीटर, खाली बारीक तांबड्या आकड्यांत फूट. आप्पा सहा फुटांवर उभे राहिले होते आणि त्यांनी पांढऱ्या सहावर अंगठा आणला होता. सहा मीटर म्हणजे जवळजवळ वीस फूट. कॅमेऱ्यातून एकदा जरी पाहिलं असतं तरी समोरचा चेहरा विरघळलेला दिसला असता. म्हणजे त्यांनी पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलं होतं आणि दिसलं नव्हतं.

मी कपाटातून जुन्या निगेटिव्हची पाकिटं काढली. गेल्या महिन्याची, दिवाळीची, त्याआधीची. फूटपट्टी घेऊन प्रत्येक फोटोतल्या माणसाचं डोकं मोजलं. हा माझा स्वभाव, त्याला इलाज नाही. दीड वर्षामागच्या पाकिटांत डोकी सगळ्या मापांची होती, लहान, मोठी, मधली. त्यानंतर दोनच मापं. एक सहा फुटांवरचं, एक दहा फुटांवरचं. लग्न असो, बारसं असो, शाळेचं संमेलन असो, दोनच. माझे वडील दीड वर्ष अंतरं पाठ करून फोटो काढत होते. फरशीवरचे ते दोन पट्टे ते पाठांतर होतं. आणि त्यांना मोठ्या तोंडाची लेन्स का हवी होती, तेही मला तिथेच कळलं.

संध्याकाळी छापलेले फोटो मी आप्पांसमोर ठेवले. फक्त त्यांचे. दादींचे चार मी वहीत घातले, तक्त्याच्या पानातच. का, ते तेव्हा मी स्वतःला नीट सांगितलं नव्हतं. आप्पांनी एक फोटो उचलून नाकाजवळ नेला, मग दारापाशी उजेडात नेला. मग ते म्हणाले, "लेन्स खराब शे." ते पुन्हा म्हणाले, या वेळी माझ्याकडे न बघता, की रमणिकभाईंनी खोटा माल दिला, आल्यावर त्यांना सांगायचं. त्याच फिल्मवर, त्याच लेन्सने काढलेले चार चोख फोटो माझ्या वहीत होते. ते बाहेर काढले की लेन्स निर्दोष ठरत होती आणि आप्पा उघडे पडत होते. बसस्टँडसमोरच्या त्या ओळीत, डोळे गेलेल्या फोटोग्राफरकडे कोण येणार होतं?

युसुफचाचांना सांगावंच लागलं. ते दुकानात उभ्या उभ्याच फोटो बघत होते. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आप्पा, लडकी तो गई. अब क्या उसको वापस बुला के फिर से बिदा करूं?" आप्पांनी लेन्सचं सांगितलं. चाचांचा चेहरा कठीण झाला. म्हणाले, तो सुरतवाला येईल त्या दिवशी मला हाक मार, मी त्याला बाजारपेठेतून फिरवतो, एकही स्टुडिओ त्याच्याकडून माल घेणार नाही. निघताना ते माझ्याकडे वळले. "और अम्मी का, बेटी? वो भी गया?" मी म्हटलं, बघते चाचा, अजून धुवायचं आहे. फिल्म एकच होती हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

रमणिकभाई यायला चार दिवस होते. तसे चार दिवस आमच्या घरात पुन्हा कधी आले नाहीत. जेवताना भाकरी मोडल्याचा आवाजही मोठा वाटे. माय वाढी आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघे. मी ठरवायचे की आज आप्पांना सांगायचं, मला कळलंय म्हणून. आणि मग ते दारातून येताना चौकट चाचपत, आणि माझा धीर सुटे. पलीकडून पिंजण वाजे, ठण्ण, ठण्ण, आणि प्रत्येक ठोक्याला मला वाटे की चाचा विचारताहेत, अम्मीचा फोटो धुतला का. दादींची तब्येत बरी नाही असंही तिसऱ्या दिवशी कानावर आलं. मी वही उघडून ते फोटो बघितले आणि पुन्हा बंद केली. मुलांनो, तुमच्या आजीने आयुष्यात बऱ्याच चुका केल्या, पण ठरवून, समजून-उमजून केलेली ही एक.

रमणिकभाई सकाळच्या गाडीने आले. पेटी टेकवून पाणी प्याले, आणि तेवढ्यात चाचा हातातलं काम टाकून आलेच, अंगावर कापसाचे तंतू तसेच. आप्पांनी फोटो टेबलावर टाकले आणि जे बोलायचं ठरवलं होतं ते बोलले. रमणिकभाईंनी फोटो पाहिले, लेन्स दाराच्या उजेडाकडे धरून आरपार पाहिली. ते म्हणाले, "आप्पाभाई, माझ्या मालात खोट असेल तर मी इथेच फोडून टाकतो. पण पहिला बघू तर द्या." त्यांनी लेन्स कॅमेऱ्यावर चढवली आणि कॅमेरा आप्पांच्या हातात दिला. टेबलावर रेललेल्या चाचांकडे बोट दाखवून म्हणाले, युसुफभाईंच्या चेहऱ्यावर फोकस करा, मग मी आत बघतो. लेन्स खोटी असेल तर कुणीही लावली तरी लागणार नाही.

आप्पांनी कॅमेरा डोळ्याला लावला. सवयीने त्यांचा पाय मागे गेला, पण मागे कपाट होतं. चाचा पट्ट्यावर नव्हते, ना सहावर ना दहावर, मधेच कुठेतरी होते. आप्पांचा अंगठा चकतीवर एकदा पुढे गेला, एकदा मागे आला. पुन्हा पुढे. बाहेर कुठल्याशा गाडीचा कंडक्टर घंटी वाजवत होता. माझ्या हातात वही होती. मला वाटलं आता मी बोलावं, काहीही, कॅमेरा पडू द्यावा, दिवा फोडावा. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि आप्पांनी कॅमेरा खाली घेतला. माझ्याकडे धरला.

"बेबी, तू पाह्य. माले दिखत नही."

मी कॅमेरा घेतला. चाचांचा चेहरा आधी ढगासारखा होता, मग चकतीबरोबर जवळ आला, दाढीतले कापसाचे तंतू दिसले. त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते, आप्पांकडे होते. रमणिकभाईंनी आत पाहिलं आणि हळूच म्हणाले, बरोबर आहे. मग मी वही उघडली आणि दादींचे चारही फोटो चाचांच्या हातात दिले. म्हटलं, हे पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होते, मी खोटं बोलले. चाचांनी शेवटचा फोटो, हात धरलेला, कितीतरी वेळ पाहिला. स्टुलावर बसले. मग आप्पांना विचारलं, कधीपासून? आप्पा म्हणाले, दोन होळ्या झाल्या. चाचा म्हणाले, "और हम समझते थे, आप्पा का हाथ तेज है." त्यात टोमणा होता आणि माफीही होती, पण माफी कमी. बिदाईचा फोटो त्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि तो विषय निघाला की ते पुढे कित्येक वर्षं उठून जात. ते चुकीचं होतं असं मला कधी वाटलं नाही.

माय आतल्या दारात उभी होती. तिने शांतपणे सांगितलं, "माले माहित व्हतं." फरशीवरचे पट्टे दर सणाला तीच नव्याने रंगवत होती, दर वेळी थोडे जाड.

रमणिकभाईंनी आवराआवर करताना विचारलं की मग कुठली ठेवू. आप्पा म्हणाले, "पोरनी सांगी ती. रुंद." यापुढे फोटो मी काढणार, मला खोल्यांमध्ये सोयीची पडेल ती घ्या, असा त्यांचा हिशोब. माझाही तक्ता तेच सांगत होता. फक्त त्या तक्त्यात एक रकाना मी आखलाच नव्हता, लेन्समधून बघणार कोण हा. मी मोठ्या तोंडाची लेन्स लावलेला तो कॅमेरा पुन्हा आप्पांच्या डोळ्याला लावला, त्यांना धरून दाराच्या उन्हाकडे फिरवलं, मायला समोर उभं केलं आणि त्यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून चकती फिरवली. विचारलं, काय दिसतं? ते बराच वेळ बघत होते.

"तुन्ही माय दिखस," ते म्हणाले. "लुगडं कोन्तं ते सांगता येत नही. पन तीच शे."

आम्ही ती ठेवली. दोन वर्षं आप्पा रोज सकाळी उन्हात तिच्यातून कुणाला ना कुणाला बघत. पुढे धुळ्याच्या डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, काचबिंदू, आणि गेलेली नजर परत येत नाही हेही सांगितलं. हे घराण्यात उतरतं. तुमच्या आईला मी तुम्हा दोघांचे डोळे दरवर्षी तपासायला वेगळं कळवलं आहे, तेव्हा टाळाटाळ करू नका.

बातमी त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत बाजारात पोचली होती. पुढच्या आठवड्यात दोन लग्नांची कामं दुसऱ्या स्टुडिओकडे गेली. माझ्या एम.ए.च्या प्रवेशाचं पत्र आलं होतं, ते मी वर्षभर पुढे ढकललं. त्या दिवसानंतर आप्पा दोन दिवस दुकानात आलेच नाहीत. मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते. तिसऱ्या दिवशी ब्राह्मणपुरीची एक बाई नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आली. पहिलाच फोटो, घाबरलेली, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. मी दिवे लावले, तिला मान सरळ करायला सांगितली, आणि ती आणखी ताठ झाली. तीनदा सांगूनही काही जमेना. तेवढ्यात आप्पा आतून आले, चौकटीला हात लावून, सदरा घालून. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि कॅमेऱ्याच्या मागे नाही, शेजारी बसले. तिला गाव विचारलं, शेत विचारलं, तिच्या सासऱ्याचं नाव काढलं आणि तो तरुणपणी कुठल्या जत्रेत बैल हरवून परत आला होता ते सांगायला लागले. बाईचे हात पदरावरून सुटले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि विचारलं, आप्पा, तुम्ही तर बसलात, मग फोटो कोण काढणार?

"ती काढी," आप्पा म्हणाले. "मी तुमले हसाडस."